बनारसमध्ये जन्मलेल्या पाद्र्याने बायबलमधून साल काढलं आणि हर्झलला थेट राजवाड्यात नेलं

साल १८९६, महिना मार्च. व्हिएन्नातला पत्रकार थिओडोर हर्झल याचं 'ज्यूंचं राज्य' हे छोटेखानी पुस्तक येऊन जेमतेम महिना होत आला होता. ज्यूंना स्वतःचा देश हवा, एवढंच त्याचं म्हणणं. पण बड्या ज्यू मंडळींपैकीच अनेकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

अशात एक लांब दाढीवाला पाद्री त्याच्या दारात उभा राहिला. नाव विल्यम हेक्लर. व्हिएन्नातल्या ब्रिटिश वकिलातीचा हा धर्मगुरू. हे सगळं घडणार हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

हेक्लरचा जन्म १८४५ चा, तोही आपल्या बनारसमधला. वडील जर्मन मिशनरी. ज्यूंबद्दलची ओढ घरातूनच आली. १८८१ पासून रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा हेक्लर तिकडे जाऊन त्यांचे हाल बघून आला. १८८४ मध्ये त्याने ज्यूंच्या पॅलेस्टाईनमध्ये परतण्यावर पुस्तिकाही लिहिली. म्हणजे हर्झलच्या तब्बल १२ वर्षं आधी.

आता त्याचं गणित बघा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ४२ महिन्यांचा उल्लेख येतो. ३० दिवसांचा महिना धरला तर १,२६० दिवस. एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं हेक्लरने मानलं. खलिफा उमरने जेरुसलेम घेतलं ते ६३७-३८ च्या सुमारास. त्यात १,२६० मिळवले की येतं १८९७-९८. आकडे हवे तसे बसवले की काहीही बसतं म्हणा, पण हेक्लरची त्यावर मनापासून श्रद्धा होती.

मुळात ख्रिस्ती धर्मशास्त्रात हा वाद जुना आहे. ज्यूंनी येशूला नाकारलं, म्हणून देवाने त्यांना दिलेली वचनं आता चर्चकडे आली, असं शतकानुशतकं शिकवलं गेलं. प्रोटेस्टंटांमधल्या एका गटाला हे पटेना. ज्यूंना दिलेलं भूमीचं वचन कायम आहे, असं ते म्हणत. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा डोळा ज्यूंच्या धर्मांतरावर होता. हेक्लर इथे वेगळा पडतो. परत जाण्यासाठी धर्म बदलायची अट त्याने घातली नाही.

हर्झल स्वतः फारसा धार्मिक नव्हता. भविष्यवाण्यांपेक्षा त्याला हेक्लरच्या ओळखी कामाच्या वाटल्या. बाडेनच्या ग्रँड ड्यूकच्या मुलाला हेक्लरने एकेकाळी शिकवलं होतं. आणि हा ड्यूक म्हणजे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या आत्याचा नवरा! सुमारे दीड महिन्यातच हेक्लरने हर्झलला ड्यूकसमोर बसवलं. १८९७ मध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली, तिथेही तो पाहुणा म्हणून हजर होता.

१८९८ मध्ये हर्झल आधी इस्तंबूलमध्ये आणि मग जेरुसलेममध्ये सम्राटाला भेटला. सम्राटाने ठोस काहीच दिलं नाही. हिशोबातलं साल असंच निघून गेलं.

१९०४ मध्ये हर्झल पोप दहाव्या पायसकडे गेला, तर तिथे सरळ नकार. ज्यूंनी येशूला मानलेलं नाही, त्यामुळे चर्च पाठिंबा देऊ शकत नाही, ही पोपची भूमिका. एकाच बायबलमधून एवढी दोन टोकं.

हेक्लरच्या खोलीत पॅलेस्टाईनचा भलामोठा लष्करी नकाशा होता. जमिनीवर पसरला की खोली भरायची. नवं मंदिर बेथेलला होणार, असं तो त्यावर बोट ठेवून सांगायचा. त्याच जमिनीवर तेव्हा लाखो अरब राहत होते, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिश्चनही होते. हेक्लरच्या गणितात त्यांचा आकडा कुठेच नाही, आणि मला तरी खरी मेख इथेच वाटते. २००६ मध्ये जेरुसलेमच्या चार चर्चप्रमुखांनी ख्रिश्चन झायोनिझम ही चुकीची शिकवण असल्याचं जाहीर केलं, तेही याच मुद्द्यावरून. दुसरीकडे, त्याच वर्षी अमेरिकेत जॉन हेगी या पास्टरने बायबलचाच आधार घेत इस्रायलच्या पाठिंब्यासाठी मोठी संघटना उभी केली.

हर्झल १९०४ च्या जुलैमध्ये गेला. शेवटच्या दिवसांत त्याला भेटलेल्यांमध्ये हेक्लर होता. पुढे तो लंडनला जाऊन राहिला. झायोनिस्ट संघटनेकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनवर त्याचं चालायचं. १९३१ च्या जानेवारीत तो वारला, इस्रायल व्हायला तेव्हा अजून १७ वर्षं होती. त्याची कबर कुठे आहे हेही लोक विसरून गेले. त्यावर स्मृतिशिला बसली, ती २०११ मध्ये.