फेफऱ्याचा रोगी आणि २६ दिवसांचें काम

फेफरें येणारा मनुष्य कोणत्याच कामाचा नव्हे, असें खेड्यापाड्यांत सर्रास मानितात. असें मानणाऱ्यांस आम्ही रशियन ग्रंथकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की (१८२१-१८८१) ह्याचें चरित्र सांगतों.

१८४९ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला पकडलें व पुढें सायबेरियांत चार वर्षें बेड्या घालून कैदेंत ठेविलें. वाटेंत कांहीं दयाळू स्त्रियांनीं दिलेला नवा करार त्यानें मरेपर्यंत जपला. कैदेमागून सक्तीची शिपाईगिरी आली. परंतु वैद्यांनीं फेफऱ्याचा दाखला दिला, आणि १८५९ सालीं लष्करांतून त्याची सुटका झाली. हें आम्हांस योग्यच वाटतें. बंदूक हातीं असतां झटका यावा हें बरें नव्हे. लेखणीचें तसें नाहीं.

तथापि झटक्यामागून कित्येक दिवस त्याचें मन खिन्न राही व स्मरण मंद होई. अशांत एका प्रकाशकाशीं त्याचा करार झालेला: १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास नऊ वर्षें त्याचें लिखाण प्रकाशकानें फुकट छापावें. महिना उरला, तरी एक ओळ लिहिलेली नव्हती. तेव्हां आना नांवाची वीस वर्षांची लघुलेखिका कामास आली. आपणांस फेफरें येतें, हें त्यानें तिला पहिल्याच भेटींत सांगून टाकिलें. (आमच्याकडे हें सोयरीक जुळवितांनाही लपवितात!) तो सांगे, ती उतरून घेई, २६ दिवसांत पुस्तक पुरें झालें. १८६७ सालीं त्यांचा विवाह झाला.

१८७८ सालीं त्यांचा धाकटा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही नव्हता, फेफऱ्याच्या झटक्यानेंच दगावला. बापानें त्यानंतर 'करमाझोव बंधु' ही आपली सर्वांत मोठी कादंबरी लिहिली व १८८० सालीं पुरी केली. तिच्या नायकाचें नांव अल्योशा आहे.