पावातील वैरी

अन्नाने देह वाढतो, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक असते. परंतु रोज पोटभर जेवूनही एखादे मूल दिवसेंदिवस झिजत जावे, याहून मोठे दुर्दैव कोणते? युरोपात अशी मुले आढळत. हातपाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, जुलाब थांबत नाहीत, उंची खुंटलेली, अशी त्यांची अवस्था असे. कित्येक मुले दगावत. या व्याधीला सीलिॲक म्हणतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८ साली तिचे वर्णन केले आणि रोगी बरा झालाच तर तो आहारानेच होईल, असे मत मांडले. पण कोणत्या आहाराने, हे कोणासच सांगता येईना. १९२४ साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी मुख्यतः केळ्यांचा आहार देऊन काही मुलांना बरे केले. परंतु मूळ कारण तेव्हाही हाती लागले नाही.

ते शोधून काढण्याचे श्रेय हॉलंडमधील डॉ. विलेम कारेल डिके यांना आहे. त्यांचा जन्म १९०५ साली डॉर्डरेख्ट या गावी झाला. लायडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयात बालरोगांचा अभ्यास करू लागले. १९३६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

एकदा एका मातेने त्यांना सांगितले की, आहारातून पाव वगळताच आपल्या आजारी मुलाच्या अंगावरील पुरळ झपाट्याने कमी होते. अशी गोष्ट दुसऱ्या एखाद्या वैद्याने हसण्यावारी नेली असती. पाव म्हणजे तेथील लोकांचे रोजचे अन्न. त्यावर संशय कोण घेणार? परंतु डिके यांनी त्या मातेचे बोलणे मनावर घेतले. काही रुग्णांना त्यांनी गव्हाविना आहार देऊन पाहिला. मुले सुधारू लागली. १९४१ साली त्यांनी हा आहार एका लेखाद्वारे प्रसिद्धही केला. तथापि केवळ सुधारणा दिसली म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे ते जाणून होते.

त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. १९४४ च्या हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तुटला. लोक साखरेचे बीट आणि ट्यूलिप फुलांचे कंदसुद्धा शिजवून खाऊ लागले. वीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या घोर दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिॲकच्या रुग्णांची प्रकृती सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच दुखणे उलटले, अशी हकीकत पुढे पुष्कळ सांगितली गेली. परंतु दुष्काळामुळे हा शोध लागला, असे समजणे बरोबर नाही. डिके यांचा तर्क आधीचाच होता. त्या दिवसांनी तो अधिक बळकट केला, इतकेच.

युद्ध संपल्यावर उत्रेख्त येथील रसायनशास्त्रज्ञ फान डे कामर आणि डॉक्टर वेयर्स यांच्या साहाय्याने डिके यांनी तो तर्क कसोटीला लावला. आजारी मुलाने किती स्निग्ध पदार्थ खाल्ला आणि त्यांतील किती न पचता विष्ठेवाटे बाहेर पडला, याचे काटेकोर मोजमाप त्यांनी केले. गहू दिला की हा अपव्यय वाढे. तो बंद केला की कमी होई. राय या धान्यानेही तसाच अपाय होई. तांदूळ व मका मात्र निरुपद्रवी ठरले. मग गव्हाच्या पिठाचे घटक वेगळे करून तपासले, तेव्हा पिष्टाने त्रास होईना. दोष आढळला तो ग्लुटेन या प्रथिनात. कणीक तिंबल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो याच ग्लुटेनमुळे. १९५० साली डिके यांनी आपले संशोधन उत्रेख्तच्या विद्यापीठाला प्रबंधरूपाने सादर केले.

आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवीसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस त्यांच्यावाटे शोषला जातो. सीलिॲकच्या रोग्याने ग्लुटेन खाल्ले, तर त्याच्या शरीरातील संरक्षक शक्तीच उलटते आणि हे उंचवटे नष्ट होऊ लागतात. गहू, राय व जव वर्ज्य केले की ते हळूहळू पुन्हा वाढतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागू लागते. मात्र हे पथ्य जन्मभर पाळावे लागते. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी यांत ग्लुटेन नसते. म्हणून ती धान्ये अशा रोग्यास चालतात. निरोगी माणसाने मात्र गहू सोडण्याचे काही कारण नाही.

१९५७ साली डिके उत्रेख्त येथे प्राध्यापक आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पण पुढे प्रकृतीने त्यांना साथ दिली नाही आणि १९६२ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. एका मातेचे साधे बोलणे त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि त्यातील खरेपणा सिद्ध होईपर्यंत अनेक वर्षे स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी दाखविलेल्या पथ्यामुळे आज जगभर असंख्य मुले हसतखेळत वाढत आहेत.