गुडघा टेकवणारा इंजिनिअर

कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर बाइक्सचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात, रॉसी आणि मार्केझ. यार्नो सारिनेन हे नाव मी तरी तिथे कधी ऐकलं नाही. म्हणून या अंकात त्याच्यावरच लिहायचं ठरवलं. कारणं दोन. एक म्हणजे आज ट्रॅक डेला इन्स्ट्रक्टर वळणावर बसायची जी पद्धत शिकवतात, तिच्यामागे या माणसाचा मोठा हात आहे. आणि दुसरं, तो आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी कुठे घसरलं तर सांभाळून घ्या!)

यार्नोचा जन्म ११ डिसेंबर १९४५ चा, फिनलंडमधल्या तुर्कू या गावचा. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात आणि लोक त्या बर्फावर चक्क मोटरसायकलच्या शर्यती लावतात. कोवळ्या वयातच तो तुर्कूतल्या तुंतुरी कंपनीत कामाला लागला. तिथे मोपेड आणि छोट्या गाड्या जोडायच्या, खोलायच्या आणि चालवून बघायच्या. म्हणजे स्पॅनर आणि हँडल दोन्ही एकदमच हातात आले. १९६५ मध्ये तो बर्फावरच्या शर्यतीत फिनलंडचा चॅम्पियन झाला.

त्याला ट्रॅकवर धरून शिकवणारं कुणी नव्हतं. त्याचा पहिला इन्स्ट्रक्टर कोण म्हणाल, तर बर्फ. बर्फावर गाडी घसरणार हे धरूनच चालायचं असतं. ती घसरताना घाबरून हँडल आवळलं की आपण खाली. म्हणून हात सैल ठेवायचे, वजन अंगाने हलवायचं आणि मागचं चाक किती सरकतंय ते बुडाखाली ओळखायचं. ही अक्कल घेऊन तो डांबरी ट्रॅकवर आला.

१९६८ मध्ये फिनलंडच्याच इमात्रा इथे तो पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप रेस धावला. १९७० मध्ये २५० सीसीच्या यामाहावर जवळपास पूर्ण सीझन खेळला. आता सगळ्या प्राध्यापकांना आवडेल अशी गोष्ट सांगते. त्या सीझनच्या शेवटच्या काही रेस त्याने सोडल्या, कारण त्याला इंजिनिअरिंगचं शिक्षण पुरं करायचं होतं. तरीही तो वर्षअखेर चौथा आला. आपण फेस्टसाठी लेक्चर बुडवतो आणि हा डिग्रीसाठी ग्रां प्री बुडवत होता!

१९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला त्याने पहिली ग्रां प्री जिंकली. १९७२ मध्ये तो २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याच वर्षी ३५० सीसीमध्ये दुसरा आला, तो जाकोमो आगोस्तिनी नावाच्या त्या काळच्या सम्राटाच्या मागे. पण मधल्या काही रेसमध्ये त्याने आगोस्तिनीलाही हरवलं होतं.

लोक बघत राहायचे ती त्याची बसायची तऱ्हा. तेव्हाचे रायडर टाकीला चिकटून, गुडघे आत घेऊन, गाडीबरोबर एका रेषेत झुकायचे. त्याच्या आधीही काही जण गुडघा थोडा बाहेर काढत, पण सारिनेन सीटवरून आतल्या बाजूला उतरायचा आणि गुडघा सरळ जमिनीकडे सोडायचा. आपले हँडलबारसुद्धा त्याने खाली तिरके लावून घेतले होते.

यामागचं गणित फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलंच आहे. किती झुकायचं ते वेगाचा वर्ग आणि वळणाची त्रिज्या ठरवते. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ७२ किलोमीटरने घ्यायचं तर, टायरची रुंदी सोडून दिली तर, सुमारे ३९ अंश झुकाव लागतो. हा झुकाव गाडी आणि रायडर या दोघांच्या मिळून गुरुत्वमध्याचा. आता समजा गाडी १५० किलोची, रायडर ७० किलोचा आणि त्याने आपलं वजन १५ सेंटीमीटर आत सरकवलं. मग एकत्रित गुरुत्वमध्य जवळजवळ ५ सेंटीमीटर आत येतो. त्याची उंची ६० सेंटीमीटर धरली तर तेच वळण, त्याच वेगात, गाडी साडेचार अंश कमी झुकवून घेता येतं. गाडी थोडी उभी राहिली की फूटपेग घासत नाहीत, सस्पेन्शन नीट काम करतं आणि टायरच्या अगदी कडेवर जावं लागत नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टायरला लागणारं घर्षण तेवढंच राहतं, एक तसूभरही कमी होत नाही. गुडघा टेकवून ग्रिप वाढत नाही. गुडघा म्हणजे फक्त मोजपट्टी, आपण किती झुकलोय ते सांगणारी.

१९७२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारियोच्या ट्रॅकवर गेला. तिथे केनी रॉबर्ट्स नावाच्या तरुण अमेरिकन रायडरने त्याला वळणावर बघितलं. रॉबर्ट्स मातीच्या ट्रॅकवर वाढलेला, त्यामुळे घसरणं त्यालाही ओळखीचं. त्याने ही पद्धत उचलली आणि आपली केली. पुढे १९७८, १९७९ आणि १९८० अशी सलग तीन वर्षं तो ५०० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. निवृत्तीनंतर त्याने टीम काढली आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर, मातीत, छोट्या गाड्यांवर पोरांना घसरायला शिकवलं. त्याच्याच टीममधून वेन रेनी १९९० ते १९९२ तीन वेळा चॅम्पियन झाला. म्हणजे बर्फावर एकट्याने शिकलेला धडा आता गुरूकडून शिष्याकडे जायला लागला.

सारिनेनला हे काहीच बघायला मिळालं नाही. १९७३ ची सुरुवात त्याने जबरीच केली होती. मार्चमध्ये अमेरिकेतली डेटोना २०० जिंकली आणि ती जिंकणारा तो पहिला युरोपियन ठरला, तेही ७५० सीसीच्या गाड्यांविरुद्ध ३५० सीसीची यामाहा घेऊन. मग इमोलाची २०० मैलांची रेस जिंकली. ५०० सीसीमध्ये नव्या चार सिलिंडरच्या यामाहावर पहिल्या दोन्ही ग्रां प्री त्याच्याच. २५० सीसीच्या पहिल्या तिन्हीसुद्धा.

२० मे १९७३ ला इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर २५० सीसीची रेस सुटली. पहिल्याच लॅपमध्ये, कर्वा ग्रांदे या वेगवान वळणावर, रेन्झो पासोलिनी पडला. मागून येणाऱ्या सारिनेनला वाचायला जागाच नव्हती. एकामागून एक गाड्या आदळत गेल्या. पासोलिनी आणि सारिनेन दोघंही गेले. यार्नो तेव्हा २७ वर्षांचा होता. पासोलिनीचं इंजिन जाम झालं की आधीच्या रेसमधलं तेल ट्रॅकवर सांडलेलं होतं, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. ट्रॅकच्या कडेला लोखंडी कठडे होते, पडलेला माणूस घसरत जाऊन थांबेल अशी मोकळी जागा नव्हती. दोन महिन्यांच्या आतच मोन्झालाच आणखी तीन रायडर गेले. यामाहाने त्या सीझनमधून आपली टीम काढून घेतली.

हे वाचल्यावर मला ट्रॅक डेचा अर्थ कळला. मागच्या हिवाळी सुट्टीत मी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एक दिवस शिकून आले. घरून परवानगी मिळवणं व्हायवापेक्षा अवघड गेलं! मला वाटलं होतं की पहिल्या तासाला गुडघा टेकवायला लावतील. छे! इन्स्ट्रक्टरनी आधी झेंडे पाठ करून घेतले. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. मग नजर, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकाकडे आणि तिथून पुढे बाहेर पडायच्या रस्त्याकडे बघायचं. मग ब्रेक कुठे सोडायचा, थ्रॉटल किती हळू उघडायचा. ते पुढे जायचे आणि मी त्यांच्या लाइनवर, नंतर मी पुढे आणि ते मागून बघायचे. प्रत्येक सेशननंतर एकच चूक सांगायचे, दोन नाही. अंग आत सरकवायचं शेवटच्या सेशनला, तेही आधी स्टँडवरच्या गाडीवर. माझा गुडघा जमिनीला लागला नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

आता मुद्द्याचं. आपल्यातली बरीच पोरं रविवारी पहाटे घाटात जाऊन फोटोसाठी गुडघा टेकवायला बघतात. मित्रांनो, सारिनेन जगातल्या सर्वोत्तम रायडरपैकी होता. ट्रॅक बंद होता, सगळे एकाच दिशेने जात होते. तरी पुढे एक गाडी पडली आणि त्याचं सगळं कौशल्य अपुरं पडलं. घाटात तर समोरून ट्रक येतो, वळणावर खडी असते, डिझेल सांडलेलं असतं आणि घसरायला दरी सोडून दुसरी जागा नसते. तिथे पिवळा झेंडा दाखवायला कुणी उभं नाही.

ट्रॅक डे महाग पडतो, हे मान्य. पण आपण गॅदरिंगला वर्गणी काढतोच ना? ऑटोमोबाइल क्लबने दरवर्षी दोघांना पाठवावं. त्यांनी परत येऊन बाकीच्यांना मागच्या ग्राउंडवर कोन मांडून नजर आणि ब्रेक शिकवावा. सर, परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, फक्त सही हवी आहे.