आल्फ्रेड ल्यूकस : तुतनखामेनच्या खजिन्याचे रसायनतज्ज्ञ

प्राचीन संस्कृतींचा पाठ शिकवताना इजिप्त आलं की वर्गात हात वर होतात. प्रश्न ठरलेला. सर, तुतनखामेनच्या शापाने माणसं मेली ना? सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात. अशा वेळी मी मुलांना आल्फ्रेड ल्यूकस यांची गोष्ट सांगतो. इजिप्तच्या अभ्यासकांना हे नाव चांगलं परिचयाचं आहे, आपल्याकडे फारसं नाही. पालकांनाही घरी सांगता यावी म्हणून इथे लिहून ठेवतोय.

ल्यूकस यांचा जन्म १८६७ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. शिक्षण लंडनला झालं, विषय रसायनशास्त्र. तिथेच सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. सगळं मार्गी लागलंय असं वाटत असतानाच क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. कोरड्या, उबदार हवेत जाऊन राहा, एवढंच डॉक्टर सांगत. म्हणून १८९७ च्या सुमारास, तिशीच्या आसपास, ते इजिप्तला गेले. हवा मानवली आणि उरलेलं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

सुरुवातीला ते मिठाच्या सरकारी खात्यात होते. पुढे सर्वेक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आले. सोन्याचांदीचा कस तपासण्याचं कामही तिथेच चाले, आज आपण हॉलमार्क बघून दागिना घेतो ना, त्यातलाच प्रकार. शिवाय कोर्टाची कामं असत. बनावट दस्तऐवज, शाई, बंदुकीच्या गोळ्या, असं काय काय तपासायला यायचं. १९२१ मध्ये त्यांनी गुन्हेतपासातल्या रसायनशास्त्रावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे वस्तू समोर ठेवायची आणि ती काय सांगते ते बघायचं, माणसं काय सांगतात ते नंतर, ही सवय त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीत लागली होती.

नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनची कबर सापडली. ल्यूकस तेव्हा निवृत्तीच्या बेतात होते, तीन महिन्यांची रजा हक्काची होती. ती रजा त्यांनी कार्टर यांच्या कामाला देऊन टाकली. तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस पुढची जवळजवळ दहा वर्षं तिथे राबला! शिवाय १९२३ पासून ते इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे सल्लागार रसायनतज्ज्ञ झाले.

प्रयोगशाळा कुठे होती माहितेय? जवळच्याच दुसऱ्या एका राजाच्या, दुसऱ्या सेतीच्या, रिकाम्या कबरीत. कबरीतून पाच हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. त्या आधी स्वच्छ करायच्या, टिकवायच्या, मग कैरोच्या संग्रहालयात पाठवायच्या. सुरुवातीला आर्थर मेस हे सोबत होते. तब्येतीमुळे त्यांना १९२४ मध्ये काम सोडावं लागलं. त्यानंतर या बाजूचा मुख्य भार ल्यूकस यांच्यावरच होता.

सगळ्यात अवघड प्रसंग शवपेट्यांचा. एकात एक तीन पेट्या, त्यातली सगळ्यात आतली भरीव सोन्याची, वजन सुमारे ११० किलो. अंत्यविधीच्या वेळी तिच्यावर भरपूर सुगंधी लेप ओतलेला. तीन हजारांहून जास्त वर्षांत तो काळा, डांबरासारखा कडक झाला होता. त्यामुळे सोन्याची पेटी मधल्या पेटीला चिकटलेली, आणि सोन्याचा मुखवटा पेटीला! आधी उन्हात ठेवून पाहिलं. इजिप्तचं ऊन, तरी काही उपयोग नाही. ल्यूकस यांनी लेप तपासला. त्यात चरबी आणि राळ निघाली, खनिज डांबर नव्हतं. असा पदार्थ उष्णतेने मऊ होणार, पण ऊन पुरेसं नव्हतं. मग सोन्याच्या पेटीला आतून जस्ताचे जाड पत्रे लावले, दोन्ही पेट्या घोडीवर उलट्या ठेवल्या, मधली पेटी ओल्या घोंगड्यांनी झाकली आणि खालून रॉकेलचे स्टोव्ह पेटवले. जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं, सोनं १,०६४ ला. म्हणजे जस्त शाबूत आहे तोवर सोन्याला धक्का नाही. काही तासांनी पेट्या हलू लागल्या. आठवी-नववीच्या मुलांना द्रवणांक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा, कधी विसरत नाहीत.

शापाचं काय मग? मोहिमेला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये वारले आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. कबरीत विष होतं, जंतू होते, काय वाटेल ते छापून येत होतं. ल्यूकस यांनी कबरीतून पाच ठिकाणचे नमुने निर्जंतुक बोळ्यांवर घेऊन तपासायला दिले. चार नमुन्यांत एकही जंतू निघाला नाही, पाचव्यात थोडे साधे. क्षयाने पोखरलेली फुप्फुसं घेऊन आलेला हा माणूस त्या धुळीत वर्षानुवर्षं वावरला, हेही मुलांना सांगावं.

धातूंवरचं त्यांचं काम मात्र मला जास्त मोलाचं वाटतं. प्राचीन इजिप्शियन लोकांकडे तांबं पोलादासारखं कडक करायची गुप्त विद्या होती, असं तेव्हा लोक ठामपणे सांगत. ल्यूकस यांनी ते मानलं नाही. तांबं ठोकलं की कडक होतं, एवढंच त्यातलं गुपित. कुठल्याही तांबटाला हे माहीत असतं. सोन्याच्या वेगवेगळ्या रंगछटांमागेही जादू नव्हती, त्यात मिसळलेली चांदी, तांबं आणि लोह होतं. अशी शेकडो निरीक्षणं आणि पृथक्करणाचे तक्ते त्यांनी १९२६ च्या पुस्तकात दिले. प्राचीन इजिप्तमधल्या पदार्थांवरचं हे पुस्तक अभ्यासक अजूनही उघडतात.

राजाच्या ममीजवळ एक लोखंडी खंजीर सापडला होता, जवळजवळ न गंजलेला. उल्केच्या लोखंडात निकेल असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. पण तेव्हाच्या पद्धतीने नेमकं प्रमाण काढायचं तर तुकडा काढावा लागायचा. असा खंजीर कोण कापणार? २०१६ मध्ये ओरखडाही न काढता क्ष-किरणांनी तपासणी झाली. निकेल जवळजवळ ११ टक्के निघालं, म्हणजे ते लोखंड उल्केचंच.

आता एक गोष्ट, जी मी मोठ्या मुलांनाच सांगतो. मुख्य दफनकक्षाची भिंत फेब्रुवारी १९२३ मध्ये समारंभाने उघडली गेली. पण त्याआधी डिसेंबरमध्येच ल्यूकस यांच्या नजरेला त्या भिंतीतलं एक भोक बुजवलेलं दिसलं, आणि तो गिलावा जुना वाटेना. त्यांनी कार्टर यांना तसं सांगितलं, तेव्हा कार्टर यांनी ते आपणच बुजवल्याचं कबूल केलं. ते आणि कार्नार्व्हन आधीच आत जाऊन आले होते. ल्यूकस यांनी ही गोष्ट वीसएक वर्षं जाहीर केली नाही. कार्टर १९३९ मध्ये गेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात ल्यूकस यांनी कबरीविषयी टिपणं लिहिली, त्यात हेही नोंदवलं. ज्याच्यासोबत दहा वर्षं काम केलं त्याच्याविषयी, तो उत्तर द्यायला नसताना. हे बरोबर केलं का, यावर दहावीच्या वर्गात एकदा तासभर वाद झाला. अर्धा वर्ग कार्टर यांच्या बाजूने होता. मी स्वतः ल्यूकस यांच्या बाजूचा, पण जिवंतपणी बोलले असते तर बरं झालं असतं असं मलाही वाटतं.

डिसेंबर १९४५ मध्ये लक्सॉरला त्यांचं निधन झालं, वय ७८. त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती त्यानंतर, १९४८ मध्ये निघाली.