हात घेतला, कप्तानपद दिले नाही

अमेरिकेतल्या कॉलेजांत गोळाफेक, थाळीफेक करणारी दणकट पोरे हेरून त्यांना तिकडच्या फुटबॉल संघात ओढण्याची रीत जुनी आहे. अंगात ताकद असली की खेळ शिकवता येतो, हा त्यामागचा हिशेब. बदल्यात पोराला शिष्यवृत्ती मिळते, नाव मिळते. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या क्रिकेटनेही असाच एक हात हेरला होता. त्या हाताच्या मालकाला बदल्यात काय मिळाले, हे मात्र आमच्या क्रीडापंडितांनी फार काळ सांगितले नाही.

तो हात पालवणकर बाळूंचा. जात चांभार, वडील फौजेच्या नोकरीत, जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात. पोरवयातच त्यांनी पारशांच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर ओढण्याचे काम धरले. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची, आणि साहेबाला सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचा. डावखुरी, संथ फिरकी. ग्रेग नावाचा नामांकित साहेब फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घेई आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र कोणी त्यांच्या हातात दिली नाही. बॅट धरणे साहेबाचे, चेंडू टाकून दमणे नोकराचे!

साहेबाचा बळी घेणारा हा पोरगा पुण्याच्या हिंदू मंडळींच्या डोळ्यांत भरला. गोऱ्यांना हरवायचे तर हा हवाच. पण हा तर अस्पृश्य. शेवटी स्वार्थाने शास्त्रावर मात केली. मैदानात त्याने फेकलेला चेंडू सर्वांनी झेलला, त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर उभे, आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. आम्हाला या प्रसंगाचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की असा चहा पिऊन हा माणूस पुन्हा मैदानात जाऊन त्याच लोकांसाठी गडी बाद करत होता.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. पुढे रेल्वेत नोकरी लागली, आणि मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याने काही सभासदांचा विरोध मोडून त्यांना संघात घेतले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्या गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या खेळाडूचा अभिमान होता. विद्येच्या क्षेत्रात जे त्यांना पुढे सिद्ध करायचे होते, ते बाळूंनी मैदानावर आधीच करून दाखवले होते.

मुंबईत पंगतीतला विटाळ बराचसा सुटला, कप्तानपदाचा सुटला नाही. दर वर्षी बाळूंचे नाव निघे आणि दर वर्षी पद सवर्ण खेळाडूकडे जाई. १९२० साली तर बाळूंना आधी वगळलेच, आणि विठ्ठल व शिवराम यांना डावलून देवधरांना कप्तान केले. तेव्हा दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. आमच्या मते पालवणकरांच्या कहाणीतला हा सर्वांत मोठा बळी आहे, आणि तो चेंडूने घेतलेला नाही. जिमखान्याला नमते घ्यावे लागले. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले. कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी थोडा वेळ संघ हाकला. उभ्या कारकिर्दीत एवढेच! १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

‘लगान’मधला कचरा पाहून अनेकांना बाळू आठवतात. आम्हाला ती तुलना पटत नाही. कचऱ्याचा चेंडू वळतो तो हाताच्या व्यंगामुळे, आणि त्याला संघात घेणारा नायक मोठा ठरतो. बाळूंचा चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षे जाळीत गाळलेल्या घामामुळे.

पुढचे लिहिताना आमचा हात जड होतो, पण ते लपवून चालणार नाही. मैदान सुटल्यावर बाळूंची दुसरी भरती झाली. या वेळी हात नको होता, नाव हवे होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. ज्यांनी मैदानावर नेतृत्व देताना हात आखडला होता, त्याच वर्गाला बाबासाहेबांना पाडायला हाच माणूस लायक वाटला! बाळूंना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संघातून खेळलेल्या माणसाला स्वतःचा संघ उभा राहतो आहे हे ओळखता आले नाही, एवढेच म्हणू.

लढत एकतर्फी नव्हती. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. भायखळा-परळच्या चाळींत असेही मतदार असतील, ज्यांनी कधीकाळी बाळूंच्या बळींवर टाळ्या पिटल्या होत्या. त्यांनी टाळ्या विसरल्या नसतील. मत मात्र स्वतंत्र मजूर पक्षाला दिले.

४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले. देवधरांच्या नावाने १९७३ पासून राष्ट्रीय स्पर्धेचा चषक दिला जाऊ लागला. बाळूंच्या नावाचा तसा चषक नाही.