सह्याद्रीचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या काठी पिंपळे सौदागर हे गाव आहे. एके काळी ते शेतकऱ्यांचे लहानसे खेडे होते. आज तो पिंपरी-चिंचवड शहराचा एक गजबजलेला भाग झाला आहे. त्याच्या कडेने वाहणारी पवना मात्र पूर्वीप्रमाणेच लोणावळ्याच्या दक्षिणेकडील डोंगरांतून येते. मृगाच्या सरी कोसळल्या की त्या डोंगरांचे रूप पालटून जाते. उन्हाने करपलेल्या उतारांवर प्रथम सापकांद्याचे कोंब वर येतात, मग तेरडा फुलतो, झुडपांवर कळलावीच्या ज्वाळा पेटतात आणि भाद्रपदात सोनकीने पठारे पिवळी होतात. याच डोंगररांगेत, बोरघाटाच्या माथ्यावर खंडाळा वसले आहे. स्पेन देशात जन्मलेल्या एका धर्मोपदेशकाने या खंडाळ्याच्या रानातील वनस्पतींची ओळख पटविण्यात आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांचे नाव फादर हर्मेनेगिल्द सांतापाऊ.

रानातील झाडाचे नाव ठरविणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. गावातील जाणत्या माणसास विचारावे, म्हणजे झाले! परंतु एका गावातील नाव दुसऱ्या गावात चालत नाही. आणि कित्येकदा एकच नाव अनेक वनस्पतींना असते. शंखपुष्पी या नावाने निरनिराळ्या प्रांतांत तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. औषध देणाऱ्या वैद्यास ही चूक महागात पडू शकते. कळलावीचा कंद तर विषारी आहे. त्याची ओळख चुकली तर प्राणावरच बेतते. म्हणून प्रत्येक वनस्पतीस जगभर एकच शास्त्रीय नाव असावे, आणि त्या नावाची वनस्पती नेमकी कोणती हे कोणासही पडताळून पाहता यावे, यासाठी शास्त्रज्ञ झटत असतात.

मुंबई इलाख्यापुरते हे काम थिओडोर कूक यांनी मोठ्या प्रमाणावर केले होते. कूक हे मूळचे आयर्लंडचे. स्थापत्यशास्त्रज्ञ म्हणून रेल्वेच्या कामासाठी ते हिंदुस्थानात आले आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १८९३ साली सेवानिवृत्त होऊन ते मायदेशी परतले. इंग्लंडमधील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. अपरिचित वनस्पती ओळखण्याची किल्ली त्यात दिलेली आहे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? पाकळ्या सुट्या आहेत की जुळलेल्या? पुंकेसर किती? अशा एकेका प्रश्नाचे उत्तर देत वाचक पुढे सरकतो आणि अखेर नावापाशी येऊन पोहोचतो. हा ग्रंथ आजही अभ्यासकांस आधारभूत वाटतो. मात्र एवढ्या मोठ्या प्रदेशाचे वर्णन करणारा तो ग्रंथ प्रामुख्याने वाळविलेल्या नमुन्यांवरून लिहिलेला होता. टिपकागदात दाबलेल्या फुलाचा रंग उडतो, नाजूक पाकळ्या चिकटून जातात आणि सुगंध तर राहतच नाही. कोणती वनस्पती कोणत्या डोंगरावर, कोणत्या महिन्यात, किती विपुल आढळते, हे समजण्यास त्या त्या डोंगरावरच जावयास हवे होते.

फादर सांतापाऊ यांनी नेमके हेच केले. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील ला गालेरा या गावी झाला. कोवळ्या वयातच ते येशूसंघात दाखल झाले आणि १९२८ साली हिंदुस्थानात आले. पुढे त्यांनी लंडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्ययन केले. क्यू येथे राहून हिंदुस्थानी वनस्पतींच्या नमुन्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४० साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. या महाविद्यालयात स्विस धर्मोपदेशक फादर ब्लाटर यांनी जमविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. ब्लाटर १९३४ साली निवर्तले होते. त्यांच्या मागे हा ठेवा जोपासण्यास व वाढविण्यास फादर सांतापाऊ यांच्यासारखा माणूस लाभला, हे महाराष्ट्राचे भाग्यच म्हटले पाहिजे.

खंडाळा मुंबईहून रेल्वेने जवळ; त्यामुळे तेथे पुन्हा पुन्हा जाणे शक्य होते. आणि या कामाचे सारे रहस्य पुन्हा पुन्हा जाण्यातच आहे. काटेसावर आणि पांगारा ही आपल्या नित्य पाहण्यातील झाडे घ्या. ती फुलतात तेव्हा त्यांच्यावर बहुधा पान नसते, आणि पाने येतात तेव्हा फुले झडून गेलेली असतात. एकदाच गेलेल्या माणसास अर्धेच झाड दिसते. फूल एका ऋतूत, पान दुसऱ्या ऋतूत आणि फळ तिसऱ्या ऋतूत पाहावे, तेव्हा कोठे एका वनस्पतीची ओळख पुरी होते. भर पावसात घाटात हिंडणे काही सुखाचे नसते. पायवाटा निसरड्या होतात, धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही, आणि जमविलेले नमुने सुकण्याऐवजी बुरसतात. टिपकागद वारंवार बदलावे लागतात. परंतु सह्याद्रीतील कितीतरी इवल्या वनस्पती त्या चार महिन्यांतच उगवतात, फुलतात आणि मरूनही जातात. पावसाळा टाळणाऱ्यास त्या कधीच भेटत नाहीत.

अडुळशाच्या कुळातील वनस्पतींकडे फादर सांतापाऊ यांचे विशेष लक्ष होते. मुंबई इलाख्यातील या कुळावर त्यांनी लिहिलेला प्रबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. या कुळात भेद सूक्ष्म असतात. अडुळशाच्या फुलात पुंकेसर दोन, तर तालिमखान्याच्या फुलात चार. भिंगातून पाहिल्यावाचून असले फरक ध्यानात येत नाहीत. कारवी ही याच कुळातील. कुडाच्या भिंतींसाठी तिच्या काठ्या डोंगरकपारीतील लोकांच्या परिचयाच्या आहेत. ती साधारणपणे सात वर्षांनी एकदाच फुलते, आणि तेव्हा डोंगरचे डोंगर जांभळे होऊन जातात. मग तिची बोंडे वाळून तडतडत फुटतात, बी दूर फेकले जाते आणि झुडूप मरून जाते. अशा वनस्पतीच्या फुलोऱ्याचे तीन फेरे पाहावयाचे, तर एकवीस वर्षे वाट पाहावी लागणार! फादर सांतापाऊ यांनी या सामूहिक फुलोऱ्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केल्या. या संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता.

खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याबरोबरच पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्याच्या परिसराचे कामही चालू होते. १९४४ पासून १९५६ पर्यंत तेथे सापडलेल्या सपुष्प वनस्पतींची नोंद त्यांनी एका लहानशा पुस्तकात केली. एक डोंगर आणि त्यासाठी बारा वर्षे! कूक यांचा ग्रंथ साऱ्या इलाख्याचा. तो ग्रंथालयात बसून वाचावयाचा. पुरंदरचे पुस्तक मात्र विद्यार्थ्याने पिशवीत घालून गडावर न्यावे, समोरची वनस्पती पाहावी आणि लेखकाचे म्हणणे तेथल्या तेथे तपासावे, अशा आटोपशीर आकाराचे आहे.

इंग्रजी अमदानीत, १८९० साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली पुनर्रचना झाली. तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यास आले. १९६१ ते १९६७ या काळात फादर सांतापाऊ या संस्थेचे संचालक होते. साऱ्या देशाचा व्याप सांभाळीत असतानाही सामान्य वाचकांचा त्यांस विसर पडला नाही. आपल्या अवतीभवतीच्या झाडांची ओळख करून देणारे त्यांचे एक छोटे इंग्रजी पुस्तक १९६६ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले होते. भारत सरकारने १९६७ साली त्यांस पद्मश्री ही पदवी दिली.

१३ जानेवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. भारतातील सपुष्प वनस्पतींच्या नावांचा कोश ते एका सहकाऱ्याबरोबर तयार करीत होते. तो १९७३ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या जातीची एक नाजूक वेल आढळते. तिचा कंद उन्हाळाभर मातीखाली दडून असतो आणि पावसाळ्यात तिला कंदिलासारखी फुले येतात. १९६८ साली पहिल्यांदा तिचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा ते करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिचे नाव सेरोपेजिया सांतापावी असे ठेवले.