सेनापती बापट : मुळशीच्या जमिनीसाठी लढलेला माणूस

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शहादा-तळोदा भागात नर्मदाकाठची पुनर्वसित गावं आहेत. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. तुमच्यापैकी काहींचे आजी-आजोबा तिथूनच आलेत. अशीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात घडली होती.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. हुशार असल्याने शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंजिनिअरिंग शिकायला ब्रिटनला गेले. पण तिथे इंग्रज राजवटीविरुद्ध भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली. मायदेशी परतल्यावर ते पोलिसांपासून लपून राहिले. पुढे पारनेरला पहाटे उठून स्वतः रस्ते झाडू लागले.

तेव्हा टाटा कंपनीला मुळशीला धरण बांधायचं होतं. त्यातून वीज तयार होऊन मुंबईला जाणार होती. भाताची सुपीक खाचरं आणि पन्नासच्या आसपास गावं मात्र पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांनी नकार दिला. मग सरकारने काय केलं? १८९४ चा भूसंपादन कायदा पुढे केला. या कायद्यात सार्वजनिक काम म्हटलं की मालकाची संमती लागत नसे. बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना पैशांची भरपाई चालणार होती, कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. त्यामुळे लोकांमध्ये फूट पडली.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. काम काही काळ थांबलं, पण नंतर परत सुरू झालं. बायका-पुरुष तुरुंगात गेले. याच लढ्यात बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी कंपनीची रेल्वेगाडी अडवली आणि स्वतःहून अटक करून घेतली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र झालंच.

मग बापट हरले का? धरण थांबलं नाही, हे खरं आहे. पण ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारा, ही मागणी त्या लढ्याने मोठ्याने मांडली. पुढे नर्मदाकाठच्या लोकांनीही तीच मागणी केली.

१५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान बापटांना मिळाला. नंतर ते संयुक्त महाराष्ट्र चळवळीतही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, वीज सगळ्यांनाच हवी. पण दिवा एकाच्या घरी लागणार आणि घर दुसऱ्याचं बुडणार असेल, तर निर्णय कोणी घ्यायचा? आज घरी गेल्यावर आजीला विचारा, आपलं जुनं गाव कुठलं होतं? तिने सांगितलेलं वहीत पाच ओळींत लिहून आणा.